आबा आहेत तोवर

खडकवस्ती, ता. पारनेर
१४ जून २०२२

आरती,

पाकीट बघून दचकली असशील. हातात मोबाईल असताना ही पत्र कशाला लिहिते, असंही वाटलं असेल. पण फोनवर मला रडू फुटतं, तू "रडू नको, रडू नको" म्हणत राहतेस आणि सांगायचं ते राहूनच जातं. शिवाय आबांची खाट आता स्वयंपाकघराच्या दाराशीच आहे, त्यांना सगळं ऐकू जातं. म्हणून तुझ्या शाळेच्या पत्त्यावर लिहिते आहे. घरी पाठवलं असतं तर तुझ्या सासूबाईंनी आधी फोडलं असतं. तूही मला अंगणवाडीच्या पत्त्यावरच लिही. आमच्या सेविका दगडाबाई पाकीट न फोडता माझ्या हातात देतील.

चारचौघांत मी तुला वन्सं म्हणते. पण हे पत्र तुझ्या वहिनीचं नाही, नववीत तुझ्या बाकावर बसणाऱ्या राजेश्वरीचं आहे, असं समजून वाच.

आबांना अर्धांगवायू झाला त्याला दोन महिने होतील. उजवी बाजू गेली. बोलणं जड झालंय, पण बोलतात, सगळं कळतं. सकाळी त्यांना पुसून काढते, भरवते, मग अंगणवाडीत जाते. मधल्या सुट्टीत येऊन कूस बदलून जाते. सासऱ्यांचं सगळं करायला पहिल्यांदा संकोच वाटला. आता नाही वाटत. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. आबा पडले त्या दिवशी तुझा दादा धावत अंगणवाडीत आला. मी दारातच पोरांना खिचडी वाढत होते, त्याच्यापासून चार हातांवर. तो माझ्याकडे न बघता दगडाबाईंना म्हणाला, "यांना म्हनावं, घरी चला. आबा पडलेत."

बाप पडला तरीसुद्धा तो मला म्हणाला नाही, आरती.

पत्रात नाव घेते, इथे कोण ऐकतंय. अंगद माझ्याशी बोलत नाही. लग्नाला अकरा वर्षं झाली. जेवायला वाढ हेसुद्धा तो आबांना सांगतो आणि आबा मला सांगतात. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, लाजतो. मग वाटलं, रागावलाय. आता काहीच वाटून घ्यायला शिल्लक नाही. तो मारत नाही, पीत नाही, शिवी देत नाही. त्यामुळे कुणाला सांगायला माझ्याकडे काही नाही. भावाला सांगितलं तर तो म्हणाला, "मग तरास काय हाय तुला?" मूल का नाही, हे गावातल्या बायका मलाच विचारतात. तो ओसरीवर झोपतो, हे त्यांना कसं सांगू?

तू त्याची बहीण. हे लग्न तूच जुळवलंस. तुला माहीत असेल तर एवढंच सांग, माझं काय चुकलं?

राजेश्वरी


घोडेगाव, ता. नेवासा
२ जुलै २०२२

प्रिय राजी,

शाळा नुकतीच सुरू झाली, पहिलीचे दाखले, गणवेश, पुस्तकं यांत पंधरा दिवस गेले. तुझं पत्र मी पर्समध्ये घेऊन फिरते आहे. वर्गात मुलं लिहीत असताना तीन वेळा वाचलं.

तुझं काही चुकलेलं नाही. दादा लहानपणापासूनच घुमा. आई गेली तेव्हाही तो रडला नव्हता, गोठ्यात जाऊन बसला होता. त्याच्या मनात काही नसतं गं, फक्त त्याला बोलता येत नाही. तू त्यातून भलते अर्थ काढू नकोस. माणूस वाईट नाही, हे तर तूच लिहिलं आहेस.

आणि आबांचा विचार कर. माझ्या घरची परिस्थिती तुला माहीत आहे. सासूबाई, निकिताची शाळा, माझी नोकरी. मी त्यांना इथे आणू शकत नाही. परवा फोनवर आबा कसेबसे म्हणाले, "राजी हाय म्हनून मी हाय." एवढं कुणाला मिळतं? तू तिथे आहेस म्हणून मी इथे सुखाने झोपते.

थोडी कळ सोस. सगळ्यांचे संसार असेच असतात, फक्त कुणी बोलत नाही.

तुझीच,
आरती


खडकवस्ती
२० नोव्हेंबर २०२२

आरती,

हे पत्र वाचून झालं की फाडून टाक.

आपल्या उपकेंद्रावर सहादेव नावाचे आरोग्यसेवक आहेत. आबांचा रक्तदाब बघायला दर बुधवारी येतात. चाळिशीचे असतील. बायको जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही. आबांना खाटेवरून उठवून बसवताना कंबर कुठे धरायची, आपली पाठ कशी सरळ ठेवायची, हे मला त्यांनी शिकवलं. एका बुधवारी त्यांनी आबांचं झाल्यावर पट्टा गुंडाळला आणि मला म्हणाले, "आता तुमचा हात द्या." मी म्हटलं, मला काय झालंय? ते म्हणाले, "झालं नाही म्हणूनच बघायचंय. रात्री झोप लागते का? जेवण वेळेवर होतं का?"

अकरा वर्षांत मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी चुलीकडे तोंड करून उभी राहिले. ते पट्टा पिशवीत ठेवून निघून गेले. पुढच्या बुधवारी पुन्हा विचारलं.

आता मी बुधवारची वाट बघते. वाईट असं काही घडलेलं नाही, आबांची शपथ. आम्ही दारात उभं राहून बोलतो, आबा ऐकत असतात. पण गेल्या आठवड्यात अंगणवाडीत पोरांची वजनं करायला आले होते तेव्हा त्यांनी सरळच विचारलं. म्हणाले, "तुम्ही रीतसर सोडचिठ्ठी घेतलीत तर मी रीतसर लग्न करीन. चोरून काही नको. तुम्हालाही नको, मलाही नको."

तेहतीस वर्षांची आहे मी. त्या रात्री घरी येऊन भाकरी थापताना मी गात होते, आरती. आबा म्हणाले, "पोरी, लई दिसांनी." तुझा दादा ताटावरून उठून बाहेर गेला.

मला जायचं आहे. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे. तुला काय वाटतं?

राजेश्वरी


घोडेगाव
२७ नोव्हेंबर २०२२

राजी,

तू काय लिहिलं आहेस ते तुला कळतंय का?

तुझ्या मनाचं मला समजतं. मी दगड नाही. पण आबा? अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सोडून सून दुसऱ्या घरी गेली, हे ऐकून ते चार दिवस तरी जगतील का? दादा गोठा बघेल, कांदा बघेल, बापाचं मलमूत्र काढील का? मग एकच उरतं. मला नोकरी सोडून तिथे यावं लागेल. सासूबाई मला परत घरात घेणार नाहीत. निकिता बारा वर्षांची आहे.

मी तुला नाही म्हणत नाही. फक्त थांब म्हणते. आबा आहेत तोवर थांब. त्यानंतर मी स्वतः दादाशी बोलेन, कोर्टात तुझ्या शेजारी उभी राहीन. हा माझा शब्द आहे. तो माणूस खरा असेल तर थांबेल.

पत्र फाडलं.

आरती


खडकवस्ती
४ मे २०२३

आरती,

तुझ्या शब्दावर मी थांबले. तेही थांबले. पण आता त्यांची बदली झाली, अकोले तालुक्यात, पार घाटाच्या कडेला. महिनाअखेर हजर व्हायचं आहे.

काल निरोप घ्यायला अंगणवाडीत आले. मी त्यांना तुझा शब्द सांगितला, आबा आहेत तोवर. ते म्हणाले, "राजेश्वरीबाई, याचा अर्थ आपण दोघं म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघायची. मला ते जमणार नाही. मी दर बुधवारी येऊन त्यांना जगवत होतो."

ते खरं आहे. तुला कधी सांगितलं नाही, आता सांगते. थंडीत आबांना खोकला झाला होता. छाती घरघरत होती. मी त्यांची पाठ चोळत होते, वाफ देत होते, रात्रभर जागले. आणि पहाटे एका क्षणी मनात आलं, आता सुटतील. कोण सुटेल म्हणून आलं, ते मला नीट सांगता येणार नाही. मी उठून चुलीपाशी गेले आणि जळतं लाकूड हाताला लावून घेतलं. डाग अजून आहे. दुसऱ्या दिवशी आबा मला म्हणाले, "तुज्यामुळं वाचलो, पोरी."

मला हे असं जगायचं नाही. त्यांना भरवायचं आणि मनात दिवस मोजायचे. मी वाईट बाई होत चालले आहे.

तुला सुट्टी लागली आहे. ये. दादाशी बोल. आबांना फक्त पावसाळाभर तुझ्याकडे ने, नाहीतर आपण दोघी मिळून एखादी बाई ठेवू. आणि आबांनाही तूच विचार. मी सून आहे, माझ्या तोंडून ते कधी निघणार नाही. ते काय म्हणतील ते मला मान्य. सहादेव ३० तारखेला सकाळी दहापर्यंत पारनेरच्या स्टँडवर थांबणार आहेत. जायचं म्हणून नाही, फक्त होय की नाही ते सांगायला बोलावलं आहे. होय असेल तर ते वर्षभर, दोन वर्षं, कोर्टाचा निकाल लागेपर्यंत थांबायला तयार आहेत.

राजेश्वरी


घोडेगाव
२६ मे २०२३

राजी,

तुझ्याकडून येऊन चार दिवस झाले. निघताना तू स्टँडपर्यंत आलीस, पण लोक होते, बोलता आलं नाही. तू नुसती माझ्या तोंडाकडे बघत होतीस.

तू अंगणवाडीत गेली होतीस तेव्हा मी आबांशी बोलले. सगळं सांगितलं. राजी, मला लिहिताना जड जातंय. आबा म्हणाले, "राजी गेली त्या दिवसापासून मी पानी घेनार न्हाई." त्यानंतर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

तू म्हणाली होतीस, ते म्हणतील ते मान्य. आता तूच ठरव. मी तुला अडवत नाही.

त्यांच्यापाशी हा विषय मात्र कधी काढू नकोस. त्यांना लाज वाटेल.

आरती


खडकवस्ती
१२ डिसेंबर २०२३

आरती,

तुझ्या मे महिन्यातल्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं. देण्यासारखं काही नव्हतं.

३० तारखेला मी पारनेरला गेले नाही. दगडाबाईंच्या हाती निरोप पाठवला, नाही म्हणून. त्या संध्याकाळी आल्या आणि म्हणाल्या, "बाई, त्यो मानूस एक शब्द बोलला न्हाई. मला चा पाजला आन् यष्टीत बसवून दिलं. सवता पायीच गेला कुटंतरी."

जुलैत आबांना दुसरा झटका आला, ते तुला फोनवर कळलंच. वाचा पूर्ण गेली. आता फक्त डावा हात हलतो. फोन कानाला लावला की तुझा आवाज ओळखतात, डोळ्यांतून पाणी येतं.

दिवाळीनंतर सहादेव यांचं लग्न झालं. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी पेढे वाटले, त्यात मलाही एक दिला. मी खाल्ला. मुलगी संगमनेरकडची आहे, चांगली आहे म्हणतात.

तुझ्या दादाने नवीन गाय आणली. बाकी ठीक.

राजेश्वरी


खडकवस्ती
९ मार्च २०२४

आरती,

तेरावा करून तू गेलीस. घर धुऊन काढलं. आबांची खाट बाहेर काढली. सकाळी सहाला मी सवयीने पाणी तापवलं आणि पातेलं घेऊन मोकळ्या जागेत उभी राहिले.

परवा संध्याकाळी तुझा दादा ओसरीवरून आत आला. माझ्यासमोर खाली बसला. आणि बोलला. बारा वर्षांनी. मी तुला शब्द न् शब्द लिहिते.

तो म्हणाला, "मला तुज्याशी बोलायचंय." मी म्हटलं, बोला. तो म्हणाला, "आता तरी मला मोकळं करशील का? मी आबासाठी थांबलो हुतो."

मग त्याने सगळं सांगितलं. कॉलेजातली एक मुलगी, दुसऱ्या जातीची, तिच्याशी त्याला लग्न करायचं होतं. आबांनी चार दिवस अन्नपाणी सोडलं होतं, म्हणून तो माझ्याशी बोहल्यावर उभा राहिला. "पन मी मनाशी ठरवलं हुतं, लगीन लावतील, संसार माज्याकडनं करून घेता येनार न्हाई. तुजा काई गुना नव्हता. तुज्याशी बोललो असतो तर तुजा झालो असतो, म्हनून बोललो न्हाई." ती बाई अजून नगरला नोकरी करते. लग्न केलं नाही तिने.

मी हसले. मला खरंच हसू आलं. खाटेच्या एका बाजूला मी बसले होते आणि दुसऱ्या बाजूला तो. दोघंही एकाच गोष्टीची वाट बघत. एकमेकांना एक शब्द विचारला असता तर.

मी त्याला सहादेवांचं सांगितलं. तो म्हणाला, "मग गेली का न्हाईस? मी एका पायावर सही दिली असती." मी म्हटलं, आबांनी पाणी सोडीन म्हणून सांगितलं होतं. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "आबा? आबा तर मला म्हनले हुते, मी तुमा दोघांचं वाटोळं केलं." मग म्हणाला, "आरतीला इचार. आरतीला सुरवातीपासनं समदं ठावं हाय."

तर विचारते. तुला माहीत होतं का? आणि आबा तुला त्या दिवशी काय म्हणाले?

राजेश्वरी


घोडेगाव
१७ मार्च २०२४

राजी,

चार दिवस मी हे पत्र लिहिते आहे आणि फाडते आहे. आता जसं येईल तसं.

हो, मला माहीत होतं. दादाने माझ्यासमोर आबांना हात जोडले होते. मला वाटलं, राजीसारखी हसरी मुलगी घरात आली की तो वर्षभरात विसरेल. शिवाय मला माझी मैत्रीण माझ्या घरात हवी होती. तू पहिल्या पत्रात विचारलंस, माझं काय चुकलं, तेव्हा मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

आता दुसरं. त्या दिवशी आबांना मी तुझं सगळं सांगितलं तेव्हा ते रडले. त्यांना नीट बोलता येत नव्हतं, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "जाऊ दे तिला. म्या पाप केलंय, फेडू दे मला. तू मला न्हे, न्हाईतर आश्रमात ठिव. तिला सांग, आबा म्हनतो जा."

मी त्यांना हो म्हणाले. बसमध्ये बसले तोवर माझं ठरलेलं होतं की तुला हे कळवायचं. घोडेगावला उतरले आणि सासूबाईंचा चेहरा डोळ्यांपुढे आला. आबांना कुठे ठेवणार, कोण करणार, लोक काय म्हणतील. चार दिवस विचार केला. पाणी सोडण्याचं मला सुचायला वेळ लागला नाही, आबांनी दादाला तेच केलं होतं. मला वाटलं, वर्ष-दोन वर्षांचा प्रश्न आहे. तो माणूस थांबेल. आबांना मी फोनवर सांगितलं की तू स्वतःच जायला तयार नाहीस, आणि त्यांनी हा विषय काढला तर तुला लाज वाटेल.

तू कर्तव्य केलंस आणि मी ते तुझ्याकडून करून घेतलं. माझा बाप होता, राजी. माझं काम होतं.

तू मला हवं ते बोल. मार. पण गप्प राहू नकोस.

आरती


अहिल्यानगर
२ जून २०२५

आरती,

तुझी त्यानंतरचीही चार पत्रं मिळाली. आज उत्तर देते आहे, ते कोर्टाचा कागद हातात पडला म्हणून. सोडचिठ्ठी झाली. तुझ्या दादाने घरातली एक खोली मला कायमची देऊ केली होती, मी नको म्हटलं. सही करताना तो म्हणाला, "राजेश्वरी, माफ कर." माझं नाव त्याच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. सुखी राहो. त्याच्यावर राग धरायला कारण नाही.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. वाचा गेल्यावर आबा दिवसातून दहा-वीस वेळा डावा हात उचलून दाराकडे दाखवायचे. मला वाटायचं, बाहेर ऊन घ्यायचंय. मी त्यांना उचलून, खुर्चीत घालून अंगणात न्यायची. तिथेही ते माझ्याकडे बघायचे आणि फाटकाकडे हात करायचे. मान जोरात हलवायचे, रडायचे. मी म्हणायची, आबा, ऊन डोळ्यांवर येतंय का? आणि पदराने त्यांचे डोळे पुसून परत आत आणायची. सात महिने हे चाललं. शेवटच्या दिवशीही त्यांनी हात केला होता. मी म्हटलं, आज नको आबा, बाहेर गार आहे.

तुझं पत्र वाचल्यावर मला ते समजलं. तू मला सांगितलं नाहीस याहून, मी त्यांना समजून घेतलं नाही, हे मला जास्त लागतं. ते कुठल्या मनाने गेले असतील, याचा विचार केला की अन्न जात नाही.

भावाकडे पंधरा दिवस राहिले. मग दगडाबाईंच्या ओळखीने इथे आले. वृद्धांचं घर आहे, अंथरुणावरची अकरा माणसं माझ्याकडे आहेत. पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची. बाईसाहेब म्हणाल्या, तुझा हात चांगला आहे, कुठे शिकलीस? मी पुढच्या खाटेची चादर बदलायला घेतली. इतर कामं मागता आली असती. पण हात दुसरीकडे वळतच नाहीत.

सहादेव एकदा दिसले, माळीवाड्याच्या स्टँडवर. कडेवर पोरगी होती. त्यांनी मला बघितलं नाही. मी खांबाआड झाले.

तू लिहितेस, एकदा भेटायला येऊ दे, पाय धरू दे. आरती, तुला शिव्या देण्याचा मी पुष्कळ प्रयत्न केला. एकटी असताना मोठ्याने देऊन पाहिल्या. मला येत नाहीत. तू आलीस तर मी तुला बस म्हणेन. चहा टाकीन. निकिताची दहावी कशी गेली विचारीन, उन्हातून आलीस म्हणून पंखा लावीन. तू रडशील आणि मीच तुझी समजूत घालीन. तुला मोकळं वाटेल आणि तू परत जाशील.

मला दुसरं काही करता येणार नाही. म्हणून येऊ नकोस.

राजेश्वरी